पाच व्होल्ट आणि तीन तारा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की गेवराईच्या श्रोत्यांना राक्षसभुवन आठवावे हे स्वाभाविकच आहे. १७६३ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी गोदावरीकाठी निजामाच्या फौजेचा पाडाव केला ते ठिकाण याच तालुक्यातले. त्या लढाईवर अधिकारवाणीने बोलणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नव्हे. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो उण्यापुऱ्या पन्नास वर्षांचा आहे, आणि ज्या वस्तूचा तो आहे ती माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात मावते.

ही ती वस्तू. मागे बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद अशी ही एक हिरवी पाटी आहे. तिच्यावर काही काळ्या चिपा आहेत, कडेला वायरी खुपसण्याची भोके आहेत, आणि एका बाजूस दोन रांगांत चाळीस टाचण्या उभ्या केलेल्या आहेत. हिला पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही, एवढेच काय, चालू-बंद करण्याचे साधे बटणही नाही. आणि तरीही हा संपूर्ण संगणक आहे. इंग्रजीत याला सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात; आपण आज नुसते ‘बोर्ड’ म्हणू, कारण दुकानात मुले तसेच मागतात.

हा बोर्ड ज्याच्या हाती मी देतो तो उलटसुलट करून पाहतो आणि दोनच प्रश्न विचारतो. याला वीज कुठून द्यायची? आणि याच्याशी बोलायचे कसे? मला हे प्रश्न फार आवडतात. माझे तर असे मत झाले आहे की संगणकाचा सामान्य माणसाशी जो संबंध येत गेला, त्याचा सारा इतिहास या दोन प्रश्नांत सामावलेला आहे. यंत्रात वीज सोडण्याचा आणि त्याच्याशी पहिला शब्द बोलण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो कसकसा खाली उतरत गेला, आणि मध्येच कुठे परत हिरावला गेला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभी हा अधिकार फारच थोड्यांकडे होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. होमी भाभा संचालक असताना, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने १९५५ च्या सुमारास संगणक बांधावयास घेतला. संगणक बांधण्याचा पूर्वानुभव नसलेल्या या लोकांनी तो बांधून १९६० साली पूर्णपणे कामास लावला. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. जुन्या रेडिओत लालसर उजळत असत तसले २,७०० व्हॉल्व्ह त्यात होते. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दहा हजार अक्षरांची होती. माझ्या हातातल्या बोर्डाच्या २०१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत याच्या पंचवीस हजार पट स्मृती होती. पण आकड्यांची ही तुलना मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे हे की त्या काळातल्या मोठ्या संगणकांना वीज देणे हे एका स्वतंत्र खात्याचे काम असे, आणि ज्याला गणित सोडवून हवे असे तो बहुधा खिडकीत कागदाची भोकाभोकांची पट्टी नाहीतर पत्रे देऊन परत जाई. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक काउंटर होता. देवळात गाभारा असतो तसे म्हणा.

तो काउंटर पहिल्यांदा ओलांडला गेला अमेरिकेत, १९७५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाच्या यंत्राचे चित्र आले. सुटे भाग मागवायचे आणि घरी बसून डाख देऊन जोडायचे, असा तो मामला होता. जोडून झाल्यावर हाती काय येई? समोरच्या पत्र्यावर छोट्या खटक्यांची रांग आणि तांबड्या दिव्यांची रांग. खटका वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. आठ खटके लावायचे, एक दांडी दाबायची, म्हणजे एक बाइट आत गेला. पुन्हा आठ खटके. उत्तर दिव्यांत वाचायचे. इतके करूनही लोक रात्ररात्र बसत, कारण ते यंत्र त्यांचे स्वतःचे होते आणि मध्ये कोणी कारकून नव्हता.

पुढल्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘किम-१’ नावाचा बोर्ड आला, आणि आपल्या विषयाचा खरा आरंभ मी तेथून मानतो. मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत चक पेडल यांच्या गटाने ‘६५०२’ नावाची चिप काढली होती. तिची किंमत होती पंचवीस डॉलर, आणि त्या वेळी इतर कंपन्यांच्या तशा चिपा याच्या कित्येक पट महाग होत्या. ही चिप लोकांना हाताळता यावी म्हणून कंपनीने २४५ डॉलरांत एक तयार बोर्ड विकावयास काढला. त्यावर आकडे टाकण्याच्या कळा होत्या आणि सहा आकडी तांबडा दर्शक होता. मात्र वीजपुरवठा बरोबर येत नसे. पाच व्होल्टची सोय ज्याची त्याने करायची, आणि कार्यक्रम टेपरेकॉर्डरवर साठवायचा असेल तर बारा व्होल्टचीही. कितीतरी जणांनी त्या पायी विजेचे पहिले धडे गिरवले असतील, आणि कितीतरी बोर्ड पहिल्याच दिवशी जळाले असतील.

किमची दुसरी एक खुबी मला विलक्षण वाटते. त्याला टेलिप्रिंटर जोडता येई. पण टेलिप्रिंटर किती वेगाने बोलतो हे बोर्डाला कसे कळावे? त्यावर उपाय असा की बोर्डावरचे रीसेटचे बटण दाबायचे आणि टेलिप्रिंटरवर ‘रबआउट’ नावाची एक ठराविक कळ दाबायची. त्या एका अक्षराला येण्यास किती वेळ लागला हे बोर्ड मोजे, त्यावरून समोरच्याचा वेग ओळखे, आणि मग कागदावर आपले नाव छापी: किम. नवीन माणूस भेटला की त्याच्या बोलण्याची ढब ओळखून आपण आपले बोलणे जुळवून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो, कारण ही टेलिप्रिंटरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तार ज्यांनी पाहिली आहे असे लोक या मांडवात निश्चित असतील. तार आली म्हणताच घरात रडारड सुरू व्हावी, अशी आपल्याकडची रीत. भारतातली ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारयंत्राची बोलण्याची पद्धत मेली नाही. एका तारेवरून एकामागून एक खुणा पाठवायच्या, अक्षराच्या आरंभी एक ‘सुरू’ची खूण आणि शेवटी एक ‘थांब’ची खूण, दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवलेला, ही टेलिप्रिंटरची रीत जशीच्या तशी या हिरव्या बोर्डात जिवंत आहे. त्या वेगाचे माप आजही ‘बॉड’ या शब्दाने सांगतात, आणि तो शब्द एमिल बोदो या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तारयंत्र-अभियंत्याच्या नावावरून आलेला आहे. जुना टेलिप्रिंटर ११० बॉडने, सेकंदाला दहा अक्षरे छापी. हा बोर्ड त्याच रीतीने १,१५,२०० बॉडने, सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरे बोलतो. तारमास्तर परत आला तर त्याला रीत ओळखीची वाटेल, वेग मात्र झेपणार नाही.

असो. आपल्याकडे हा बोर्ड कोणत्या रूपाने आला, तर ‘८०८५’च्या रूपाने. इंटेल कंपनीच्या आधीच्या ८०८० या चिपेला तीन निरनिराळे विजेचे दाब लागत: अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा. नव्या चिपेला नुसते पाच व्होल्ट पुरत, आणि तिच्या नावातला शेवटचा पाचाचा आकडा त्याचीच खूण आहे. ही चिप शिकवण्यासाठी इंटेलने १९७७ च्या सुमारास ‘एसडीके-८५’ हा बोर्ड काढला, आणि त्याच धर्तीची ‘किट’ आपल्या देशातल्या कंपन्याही करू लागल्या. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांतून पुढे कित्येक वर्षे हजारो मुलांनी संगणकाला पहिला स्पर्श केला तो या किटवर.

मीही त्यांतलाच. ऐंशीच्या दशकात मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे एका किटवर आम्ही सहा जण. वीज दिली की दर्शकावर एक आडवी रेघ आणि चिपेचे नाव उमटे. म्हणजे किट जागे झाले. मग वहीत लिहून आणलेला कार्यक्रम दोन-दोन आकडी संख्यांत दाबत जायचा. एकाने वाचायचे, एकाने दाबायचे, बाकीच्यांनी चुका काढायच्या. दीड तास असा खपावा, शेवटची ओळ यावी, आणि दिवे जावेत! स्मृती विजेवर जगणारी. दिवे गेले की पाटी कोरी. पंखा थांबल्याचा जो आवाज असतो, म्हणजे वस्तुतः आवाज बंद होण्याचा आवाज, तो ऐकताच आमच्यातला एक जण न बोलता वहीचे पहिले पान पुन्हा उघडी. विजेचा आणि स्मृतीचा संबंध पुस्तकात वाचावा लागला नाही. तो आम्हांला मराठवाड्याने शिकवला.

त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने शाळांतून संगणक नेण्याची ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि आरंभी देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ ही यंत्रे दिली. इंग्लंडातल्या केंब्रिज गावी एकॉर्न कंपनीने १९८१ साली काढलेले हे यंत्र. त्याच्या पोटात चिप होती ती पेडल यांच्या घराण्यातली, ६५०२. उत्तम यंत्र होते. पण त्या पिढीतल्या पुष्कळांना संगणकाच्या खोलीविषयी आठवते ते निराळेच: चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, यंत्रावर भरतकाम केलेले आच्छादन, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. अमेरिकेत मोडलेला काउंटर आम्ही आमच्या हातांनी पुन्हा बांधला. यात मास्तरांचा दोष मी काढत नाही. महागडी वस्तू आणि तिचा हिशेब द्यावा लागणारा माणूस, म्हटल्यावर दुसरे काय होणार?

बीबीसी मायक्रोचे नाव मी घेतले ते मात्र तक्रारीसाठी नव्हे, तर त्याच्या वंशासाठी. त्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी पुढे स्वतःची चिप आखली. तिचे नाव ‘आर्म’. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप कारखान्यातून त्यांच्या हाती आली, ती बोर्डावर बसवली, आणि ती चालू लागली. चिप किती वीज खाते हे पाहण्यासाठी त्यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर! चिप तर हिशेब करते आहे आणि वीज काहीच नाही, हा काय चमत्कार? शोध घेतला तेव्हा आढळले की बोर्डावर चिपेला वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या चिपांकडून ज्या तारांनी नुसते निरोप येत होते, त्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती आपली चालली होती. बांधावरच्या झाडाने शेजारच्या शेतातल्या पाटाच्या ओलीवर वाढावे तसे. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आज आर्मच्या घराण्यातली चिप आहे, आणि तिचे जे अल्पभोजन तिच्या थोरवीला कारण झाले, ते असे पहिल्याच दिवशी, एका विसरलेल्या जोडणीमुळे उघडकीला आले.

आता माझ्या खिशातल्या वस्तूकडे येतो. २००० नंतरच्या दशकात केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसू लागले की संगणकशास्त्र शिकण्यास येणारी मुले कमी होत आहेत, आणि जी येतात त्यांना पूर्वीच्या मुलांइतके यंत्राचे अंतरंग ठाऊक नसते. कारण उघड होते. पूर्वीच्या मुलांच्या घरी बीबीसी मायक्रो असे. ते चालू केले की ते आज्ञेची वाट पाहत बसे. नव्या मुलांच्या घरचे यंत्र चालू केले की ते स्वतःच काहीतरी दाखवू लागे. म्हणून त्यांनी एक स्वस्त, उघडा बोर्ड करायचे ठरवले. ‘रास्पबेरी पाय’ हे त्याचे नाव, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला, किंमत ३५ डॉलर. त्याच्या दोन प्रकारांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे दिली, ती बीबीसी मायक्रोच्या आठवणीने. चिप अर्थातच आर्म. २०१५ च्या नोव्हेंबरात तर याच घराण्यातला पाच डॉलरांचा धाकटा भाऊ एका मासिकाच्या अंकाबरोबर चिकटवून फुकट वाटण्यात आला.

आणि याला लागणारी वीज? तीच, पाच व्होल्ट. मोबाईलच्या चार्जरची. या योजनेत मोठी दूरदृष्टी होती, कारण चार्जर घरोघर आहे. पण येथेच आपली खरी अडचण सुरू होते, आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

चार वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावचा एक विद्यार्थी माझ्याकडे हा बोर्ड रुमालात गुंडाळून घेऊन आला. वडील कोरडवाहू शेतकरी. मुलाने सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि बोर्ड मागवला होता. तीन आठवडे तो झगडत होता. बोर्ड चालू होई, थोडा वेळ चाले, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होई. कधी पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचे चिन्ह येई. आपल्या हातून काहीतरी जळाले अशी त्याची खात्री झाली होती आणि घरी त्याने सांगितले नव्हते. मला म्हणाला, “सर, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. मी उगीच नाद केला.” मी मीटर लावला. चार्जरच्या तोंडाशी पाच व्होल्ट भरत होते. बोर्डाच्या तोंडाशी साडेचारच्या आसपास. दोष त्याचा नव्हता, बोर्डाचाही नव्हता. दोष होता मधल्या तकलादू वायरीचा. मोबाईलला ती चालते, कारण मोबाईलच्या पोटात बॅटरी आहे आणि तो सावकाश भरत राहतो. बोर्डाला साठा नाही. त्याला त्या क्षणी, त्या दाबानेच वीज हवी.

हे समजण्यास आपल्याला जायकवाडीच्या कालव्याचे उदाहरण पुरे आहे. मुखाशी कितीही पाणी सोडा, टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते ते मधली वाट ठरवते. बारीक तांब्याच्या वायरीचा रोध समजा ओहमच्या तीन दशांश आहे आणि बोर्ड दीड अँपिअर ओढतो आहे. दोहोंचा गुणाकार ०.४५, म्हणजे जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच मुरला. हाती उरले ४.५५. आणि २०१४ नंतरचे बहुतेक बोर्ड साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की तक्रार करू लागतात. ते विजेचे चिन्ह म्हणजे तीच तक्रार. म्हणूनच या कंपनीचा स्वतःचा चार्जर पाच नव्हे तर ५.१ व्होल्टचा असतो: वाटेतल्या गळतीची बेगमी आधीच करून ठेवलेली. जाड आणि आखूड वायर बदलताच त्या मुलाचा बोर्ड सुरळीत चालला. तो काही बोलला नाही. फक्त ती जुनी वायर त्याने खिशात ठेवली, टाकून दिली नाही.

मोठमोठ्यांच्याही हातून या बाबतीत चुका होतात हे त्याला मी सांगितले, ते आपणांसही सांगतो. २०१९ साली या बोर्डाची चौथी आवृत्ती आली. तिला नव्या पद्धतीचे, यूएसबी-सी म्हणतात ते, विजेचे तोंड होते. नियम असा की त्या तोंडातल्या दोन विशिष्ट टाचण्यांना प्रत्येकी एक वेगळा रोधक द्यावा. येथे दोहोंत मिळून एकच दिला गेला. परिणाम असा झाला की काही महागड्या, ‘हुशार’ वायरींना हा बोर्ड म्हणजे कानाला लावायचे यंत्र वाटे आणि त्या वीजच देत नसत. साध्या वायरीवर मात्र बोर्ड सुखेनैव चाले. पुढच्या सुधारित बोर्डांत ती चूक दुरुस्त झाली.

दुसरी अडचण वीज जाण्याची. आजच्या या बोर्डाचा सारा कारभार एका नखाएवढ्या कार्डावर लिहिलेला असतो. लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली नोंद राहते, आणि कधी कधी पुढच्या खेपेस बोर्ड उठतच नाही. म्हणून त्याला आधी ‘बंद हो’ अशी आज्ञा द्यायची, दिवा लुकलुकायचा थांबला की मग वायर काढायची. हे शिस्तीचे झाले. पण महावितरणचे दिवे आपल्याला विचारून जात नाहीत. तेव्हा येथे बोर्ड चालवायचा तर छोटी बॅटरी मध्ये ठेवावी, आणि कार्डाची एक नक्कल काढून कपाटात ठेवावी. आमच्या वहीचे पहिले पान, ते हेच.

वीज झाली, आता बोलणे. पडदा आणि कळफलक जोडला तर प्रश्नच नाही, पण प्रत्येकाजवळ ते असतात असे नाही. मला स्वतःला सर्वांत जुना मार्ग प्रिय आहे: तीन तारांचा. चाळीस टाचण्यांपैकी सहावी ‘जमीन’, आठवी बोर्डाचे तोंड, दहावी बोर्डाचा कान. दुसऱ्या टोकाला आपला जुना लॅपटॉप आणि शंभर-दोनशे रुपयांची एक वायर. जोडताना एवढेच ध्यानात ठेवायचे की याचे तोंड त्याच्या कानाला आणि त्याचे तोंड याच्या कानाला. नवशिका तोंडाला तोंड जोडतो, आणि मग दोघेही बोलतात, ऐकत कोणीच नाही. (सभांतूनही असे होते, पण ते जाऊ द्या.) आणखी एक धोका सांगून ठेवतो: या टाचण्यांची भाषा ३.३ व्होल्टची आहे. तेथे पाच व्होल्ट लावले तर बोर्ड मरतो. बोर्डाला वीज स्वतंत्र दिलेली असेल तर त्या वायरीतली चौथी, तांबडी तार मोकळीच सोडावी.

हे जमले आणि वेग जुळवला की काळ्या पडद्यावर भराभर ओळी येऊ लागतात. बोर्ड जागा होताना स्वतःशी जे जे करतो ते सांगत असतो: स्मृती मोजली, कार्ड सापडले, घड्याळ लावले. आणि शेवटी एक शब्द येऊन थांबतो: ‘लॉगिन’. त्यापुढे एक ठिपका लुकलुकत राहतो. यंत्र थांबले आहे. आपण कोण ते विचारीत आहे.

दुसरा मार्ग वायरीवाचूनचा. बोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणायचे आणि ‘एसएसएच’ नावाच्या रीतीने दुरून आत शिरायचे. ही रीत फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू उलोनेन यांनी १९९५ साली काढली, तीही एका चोरीमुळे. तोवर दुरून यंत्रात शिरताना आपला परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तो चोरून ऐकू लागला होता. आपल्या बोर्डाच्या बाबतीत आरंभी मोठा मोकळेपणा होता. सर्व बोर्डांवर नाव ‘पाय’ आणि परवलीचा शब्द ‘रास्पबेरी’, जगभर एकच. शिकणाऱ्याला सोपे, चोरालाही सोपे. म्हणून २०१६ च्या अखेरीस दुरून येण्याचे दार मुळात बंद ठेवून देऊ लागले, आणि २०२२ च्या एप्रिलपासून ते सामाईक नावही काढून टाकले. आता ज्याचे त्याने नाव घालायचे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. तरी मला जरा चुटपूट लागते. गावातल्या प्रत्येक घराला एकच किल्ली चालावी, असा तो काळ होता, आणि तो दहा वर्षे टिकला हेच नवल.

कोणी विचारील, की आमच्या खिशातला मोबाईल याहून कितीतरी ताकदवान आहे, त्यातही आर्मच आहे, मग या उघड्या पाटीचे कौतुक कशाला? खरे आहे. पण मोबाईल चालू करा आणि पाहा, तो आपणांस ‘कोण’ असे विचारीत नाही. काय विकत घेता ते विचारतो. त्याच्या आत शिरण्याची वाट मालकालाच बंद आहे. माघारी गेलेला अधिकार तो हाच. काउंटर पुन्हा आला आहे, फक्त तो आता काचेचा आणि हातात मावणारा आहे.

आणि ही विद्या शेताभातापासून दूरची आहे असेही कोणी समजू नये. रात्रीची लाईट, मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जाणे, विंचू-सापाचे भय, आणि गेल्यावर कळावे की लाईटच नाही, हे या तालुक्यात कोणाला सांगायला नको. आजोबांचे हेच हाल पाहून पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. मोटारीच्या स्टार्टरला जोडलेली ही पेटी. घरून मोबाईलवरून तिला फोन लावायचा. विहिरीवर लाईट आहे की नाही हे आवाजाच्या खुणेने कळते, आणि आकडा दाबून मोटार चालू किंवा बंद करता येते. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज अशा मोबाईल स्टार्टरच्या पेट्या अनेक प्रकारच्या मिळतात. त्यांतली एखादी उघडून पाहा: आत एक लहान बोर्ड, त्याला वीज देणारा एक भाग, त्याच्याशी बोलणारा एक भाग. लाईट आहे का, आणि बोलता येते का? तेच दोन प्रश्न, अर्ध्या रात्री विहिरीवर विचारलेले.

शिकण्याची साधनेही पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमात लिनक्ससारखे विषय मराठीतून ऐकता येतात, आणि बोर्डाशी बोलण्याची भाषा म्हणजे लिनक्सच. नीती आयोगाच्या २०१६ पासूनच्या योजनेत दहा हजार शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ मिळाल्या आहेत. त्यांत असले बोर्ड असतात. त्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाच्या टेबलात आहेत, एवढे मात्र प्रत्येक पालकाने एकदा जाऊन पाहावे.

वेळ संपत आला, अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले ते माझ्या लक्षात आले. व्यवस्थापकांनी एक सवलत दिली आहे. उद्या सकाळी दहा वाजता याच मांडवात मी हा बोर्ड घेऊन बसणार आहे, तीन तारा आणि एक जुना लॅपटॉप घेऊन. ज्यांना ‘लॉगिन’ हा शब्द प्रत्यक्ष उमटताना पाहायचा असेल त्यांनी यावे. मुलांना पुढे बसवावे, मोठ्यांनी मागे. येताना प्रत्येकाने घरातला मोबाईलचा चार्जर वायरीसकट आणावा. मीटर माझ्याजवळ आहे. बोर्ड चालू ठेवून एकेक वायर लावून पाहू, आणि गेवराईतल्या किती वायरी टेलपर्यंत पाच व्होल्ट पोचवतात ते फळ्यावर लिहू. लाईट गेली तर बॅटरी आणली आहे.